उजव्या नाकपुडीचे थेंब

अक्का,

काल मल्लूनं कांडप परत चालू केलं. तुला माती देऊन आठवडासुद्धा झाला नाही, पण दिवस मिरचीचे आहेत आणि लोकांची पोती दारात येऊन पडलेली. त्याचंही खरं आहे. नांदेडला निघण्याआधी तुझ्या पोराला सांगून यावं म्हणून तिकडं गेलो, उंबऱ्यात पाय ठेवला आणि नेहमीसारख्या शिंका सुरू झाल्या. एवढी वर्षं त्या शिंका ऐकल्या की मुसळांच्या दणदणाटातून तुझा आवाज यायचा, "आला गं बाई माझा डाक्टर, शिंकत शिंकत!" आणि मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या बाया हसायच्या. काल बाया होत्या, मुसळंही चालू होती. मल्लूनं नुसतं वर बघितलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

मी डॉक्टर नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? नांदेडात औषधाचं दुकान चालवतो, बस. पण लातुरात तुझ्या गल्लीला तू सांगून ठेवलं होतंस, "डाक्टर नुसतं लिवतो, दवा तर माझा बसूच देतो." कुणाच्या पोराला खोकला आला, कुणाचे गुडघे सुजले की तुझा फोन. मी इकडून गोळीचं नाव सांगायचो, आणि तू तिकडं छाती फुगवून ते नाव दोनदा मोठ्यानं म्हणायचीस. मी तुला कधी थांबवलं नाही. मला ते गोड लागायचं, अक्का. दाजी गेल्यानंतर तू कांडप एकटीनं ओढलंस, मल्लूला वाढवलंस, आणि तरी धाकट्या भावाला मोठा करायचा तुझा हट्ट सुटला नाही.

आपल्याकडं सर्दीला सर्दी म्हणायची पद्धतच नव्हती. कांडपावरच्या माणसाचं नाक गळणारच. तुझी सासू पदरानं नाक पुसत गेली, दाजी बाहीनं. मल्लू रांगता होता तेव्हा त्याच्या नाकाला धार लागलेली बघून मी काळजीनं विचारलं, तर तू म्हणालीस, "तिखट लागलंय त्याला, दुसरं काय?" तुझ्या घरात नाक हा दुखण्याचा अवयवच नव्हता. म्हणून दोन उन्हाळ्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, "उजवी नाकपुडी बंद पडलीया रं," तेव्हा तुलाही काही वाटलं नाही आणि मलाही. मी थेंब पाठवले.

त्या थेंबांचं मला सगळं माहीत होतं. आतली सूज झटक्यात उतरते, श्वास मोकळा होतो, म्हणून माणूस खूश होतो. चार-पाच दिवसांपलीकडं टाकू नयेत, टाकले तर नाकाला चटक लागते, आणि थेंबाचा अंमल उतरला की ते आधीपेक्षा घट्ट बंद होतं. डब्यावर हे छापलेलं असतं. गिऱ्हाइकाला मी हे तोंडी सांगतो. तुला मात्र गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात बाटल्या भरून लातूरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देत राहिलो. मल्लू स्टँडवर जाऊन घ्यायचा. आणि मला वाटायचं, बहिणीचं करतोय.

"एक थेंब टाकला की दार उघडल्यावानी हुतंय बघ."

"रोज टाकतीस का अक्का?"

"लागंल तवा टाकते."

"दोन्ही बाजूला?"

"न्हाई, उजवीकडंच. डावी चांगली हाय. डावीवर भागतंय माझं."

हसलीस. मीही हसलो. माझ्या धंद्यातल्या माणसानं तिथं हसायला नको होतं.

संक्रांतीला आलो तेव्हा तू धने भाजत होतीस. धने तू कधी बघून भाजले नाहीत. बायांशी गप्पा मारत, मान दुसरीकडं करून तू उलथनं फिरवायचीस आणि वास बदलला की बोलता बोलता कढई उतरवायचीस. त्या दिवशी तू कढईवर वाकून बसली होतीस. एक दाणा काढून दाताखाली धरलास, मग आणखी एक. मी जवळ जाऊन विचारलं, "वास येत न्हाई का?"

"हळू बोल की! बाया ऐकत्याल."

"कधीपासून?"

"सर्दी फुटली की यील. तू कुणाला बोलू नको. कळलं तर माझ्याकडं आमटीचं येसर भाजायला कोण आणील?"

कुणाला बोललो नाही. घरी सौभाग्यवतीलासुद्धा नाही. तुझं गुपित सांभाळण्यात मी पक्का निघालो. मग होळीच्या सुमारास तुझ्या रुमालावर गुलाबी रेघ दिसली. तू म्हणालीस, "उन्हाळा हाय, घोळणा फुटला." मी मान हलवली आणि आणखी दोन बाटल्या पाठवल्या.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

माझ्या दुकानाशेजारी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तुला मी दाखवला होता. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडंच येतात. चैत्रात एकदा दुपारी ते माझ्या काउंटरशी उभे राहून चहा पीत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, एक गिऱ्हाईक आहे. बाई. पन्नाशीच्या पुढची. एकाच बाजूचं नाक बंद, वर्ष होत आलं. थेंब टाकते. आता जरा रक्त येतंय." बहीण म्हणालो नाही. बहीण म्हणालो असतो तर थेंब कुणी दिले हेही सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "सर्दी दोन्ही बाजूंना येते हो. एकच बाजू, त्यात रक्त, म्हणजे दुर्बीण घालून बघितल्याशिवाय एक थेंबसुद्धा द्यायचा नाही. याच आठवड्यात पाठवा त्यांना. बहुतेक वेळा साधा मांसाचा कोंब निघतो, नाहीतर बुरशी. पण बघायला पाहिजे."

त्या संध्याकाळी मी तुला फोन लावला होता, अक्का. आठवतं का? तू उचलल्या उचलल्या म्हणालीस, "बरं झालं केलास. गौरीच्या लग्नाच्या येसराला हरभऱ्याची डाळ तू धाड, हितली चांगली न्हाई." मी म्हणालो, धाडतो. मग तू पंगतीतल्या आमटीचं बोलत बसलीस, किती पातळ ठेवायची, आचाऱ्याला कसं सांगायचं. तुझा आवाज नाकातून येत होता, पण आनंदात होतीस. माझ्या पोरीचं, तुझ्या भाचीचं लग्न. माझ्या मनात आलं, आता सांगितलं तर ही घाबरेल, तपासण्या निघतील, लग्नात विघ्न. लग्न होऊ दे, मग स्वतः घेऊन जातो. वैशाख तर आलाच होता.

एवढं सोपं होतं ते. वाईट माणसं असं करतात असं मला वाटायचं. मी तर फोन ठेवून जेवायला बसलो.

आपल्याकडं लग्नाचं येसर म्हणजे पहिलं शुभकार्य. गहू, ज्वारी, डाळ, धने, लवंग, खोबरं, सगळं भाजून दळायचं, आणि अक्षता पडल्यावर त्याचीच आमटी पंगतीला. तू आमच्या घरी आलीस, परसात चूल मांडलीस. सोयरिकीतल्या कुणीतरी कुजबुज केली की विधवा बाई कशी भाजते? तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "येसर अक्काच भाजणार. ज्याला चालत नाही त्यानं आमटी खाऊ नये." तू चुलीकडं तोंड फिरवून डोळे पुसलेस. धूर होता म्हणालीस. माझ्या आयुष्यात तुझ्यासाठी मी केलेली ती एक धड गोष्ट. आणि ती दोन तास टिकली.

धने-खोबऱ्याचा घाणा जळला. काळाकुट्ट. विहीणबाई नाकाला पदर लावून परसात आल्या, मागं पाच-सहा बाया. मी धावत आलो आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो, "अक्का, आख्ख्या गल्लीला वास आला. तुझ्या नाकाला झालंय तरी काय?"

कुणीतरी हसलं. तू पदरानंच कढई उतरवलीस, हात भाजला असणार. खाली मान घालून म्हणालीस, "चुकलं, बसू." एवढंच. तुझ्या नाकाला काय झालंय हे या जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक ओरडत होता.

अक्षता टाकल्यास आणि जेवायच्या आधी लातूरची गाडी धरलीस. आमटी बाजारच्या येसराची झाली. लोकांनी बोटं चाटून खाल्ली.

त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही नाही. थेंब संपले की मागेल, मागितले की सांगेन, असं ठरवून बसलो. तू मागितले नाहीस. लातुरात दुकानं कमी आहेत का? ज्येष्ठ गेला, श्रावण गेला, गणपती-गौरी गेल्या. दुकानात त्या थेंबांचा कप्पा माझ्या डाव्या हाताला आहे. रोज हात जायचा. तुझी आठवण यायची, आणि आधी रागच यायचा. हेही खरं सांगतो.

भाऊबीजेला तू बोलावलं नाहीस, तरी आलो. दार उघडलंस आणि मी शिंकायचंच विसरलो. उजवा गाल वर आलेला. उजव्या डोळ्यातून पाणी. "दाढ दुखत हुती," म्हणालीस, "काढली, तर तिची जागा भरंना. भाडेकरू गेला पर बिऱ्हाड हलंना बघ." ओवाळताना तुझा हात नेहमीसारखाच होता. ताम्हणातल्या ज्योतीच्या उजेडात मी तुझ्या गालाकडं बघत होतो आणि मला डॉक्टरांनी खाली ठेवलेला तो कप दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी लातुरातल्या दवाखान्यात गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. नाकात दुर्बिणीची नळी घातली तेव्हा तू माझं मनगट धरलंस. मग त्यानं विचारलं, "आजी, किती दिवसांपासून आहे हे?"

तू माझ्याकडं बघितलंस. नीट बघितलंस. मग त्याच्याकडं वळून म्हणालीस, "दसऱ्यापासून."

"त्याआधी नाक बंद, रक्त?"

"न्हाई."

"काही औषध, थेंब?"

"काही न्हाई. ओव्याची वाफ घेत हुते."

भिंतीवर नाकाचं एक मोठं चित्र होतं. कपाळामागं, डोळ्यांमध्ये, गालांमागं हाडांतल्या रिकाम्या खोल्या दाखवलेल्या. मी ते चित्र वाचत राहिलो. तू धाकट्या भावाला एका परक्या पोराच्या रागावण्यातून वाचवलंस, आणि भावानं वाचवून घेतलं.

तुकडा तपासायला गेला, स्कॅन झालं. उजव्या गालामागची ती खोली गच्च भरलेली होती आणि भिंती खाल्लेल्या. बाहेर बोलावून डॉक्टर म्हणाला, हे लहान असताना कळतं तर दुर्बिणीतून काढता आलं असतं, वरून किरणांचे शेक दिले असते, आशा होती. आता डोळ्याखालचं हाड गेलंय. ऑपरेशन करायचं तर अर्धा टाळू आणि डोळा काढावा लागेल, आणि तरी खात्री नाही. मी विचारलं, "थेंब टाकल्यानं असं होतं का कुणाला?" पुन्हा कुणाला! तो म्हणाला, "थेंबानं हा रोग होत नाही. थेंबानं तो झाकला जातो."

ऑपरेशनचं तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "डोळा ऱ्हाऊ द्या. सुना-नातवंडं बघायला लागतंय. नाकाचं काय, ते कवाच गेलं."

मग शेक. गालाची कातडी काळी पडली, तोंड आतून सोलवटलं. नाकात खपल्या धरायच्या, म्हणून मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायला सांगितलं होतं. ते मी शिकून घेतलं. दर शनिवारी दुकान बंद करून यायचो. तू घमेल्यावर वाकायचीस, तोंड उघडं ठेवून, आणि मी पिचकारीनं हळूहळू पाणी सोडायचो. "कांडप धुवायलास का रं?" म्हणालीस एकदा, आणि हसायला गेलीस तर ठसका लागला. माझ्या दुकानात छतापर्यंत औषधं आहेत, अक्का. मीठ आणि पाणी, तुझ्या कामी एवढंच आलं.

असंच एकदा धुऊन झाल्यावर टॉवेलनं तोंड टिपत तू विचारलंस, "खरं सांग. मिरचीनं झालं का?"

"डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही."

"डाक्टरचं ऱ्हाऊ दे. तू सांग."

"मिरचीनं न्हाई झालं."

"मंग मल्लूनं कांडप चालवावं?"

"चालवू दे. तोंडाला फडकं बांधायला लावतो."

"बरं झालं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. एवढ्याचीच काळजी होती तुला. पुढं काही विचारलं नाहीस. मग उशीर कशानं झाला, हे विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं का, माहीत नाही. घमेलं उचललं आणि मोरीत ओतायला गेलो.

तुला समाधीच्या खड्ड्यात बसवलं तेव्हा जंगमस्वामी म्हणाले, मामांनी विभूती लावावी. कपाळाला लावली. हात आपोआप उजव्या गालाकडं गेला, तिथंही लावली. तो गाल तेवढा गार नव्हता असं मला वाटलं. खोटंही असेल.

आज नांदेडला आल्यावर दुकान उघडायच्या आधी शेजारच्या डॉक्टरांकडं गेलो. ते नुकतेच येऊन बसले होते. मी म्हणालो, "सर, मागच्या चैत्रात मी एका बाईचं विचारलं होतं. एका बाजूचं नाक. तुम्ही म्हणालात, याच आठवड्यात पाठवा. ती माझी बहीण होती. मी नाही पाठवलं."

डॉक्टर आठवायला लागले. खूप प्रयत्न केला त्यांनी, माणूस चांगला आहे. शेवटी म्हणाले, "नाही हो आठवत. मी असं बऱ्याच जणांना सांगतो." मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, "कशी आहे आता त्यांची तब्येत?"

मी सांगितलं. बाहेर येऊन शटर वर केलं. पहिलंच गिऱ्हाईक थेंबांचं. मी विचारलं, एकाच बाजूला का? तर म्हणाला, "द्या हो शेठ, भोकरची गाडी निघायली माझी." दिले.

तू मला माफ करून गेलीस हे मला कळतं, अक्का. दसऱ्यापासून म्हणालीस तेव्हाच. पण तू थेंबांची माफी दिलीस. चैत्राची कशी देशील? ते तुला माहीतच नव्हतं.

निघताना मल्लूच्या बायकोनं एक डबा दिला. तुझं येसर. शेक चालू होते त्या दिवसांत तू भाजलंस म्हणे, गौरी बाळंतपणाला येणार म्हणून. ती सांगत होती, "आत्याबाईंनी मला चुलीपाशी उभं केलं. म्हणल्या, वास बदलला की बोल, मी उतरिते." दुपारी सौभाग्यवतीनं त्याची आमटी केली. कच्चं नाही, करपलेलं नाही. तुझ्या हातचं, जसंच्या तसं. शेजारी एक माणूस उभा राहिला होता, एवढंच.

लग्नाचं येसर जळलं त्या दिवशी परसाच्या दारात मी मंडपवाल्याशी बोलत उभा होतो. तुझी पाठ दिसत होती. धने करपायला लागले आणि वास सगळ्यांच्या आधी मला आला, अक्का. मला वाटलं, उतरवेल आता. मग आठवलं, हिला येत नाही. आणि मी मंडपवाल्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.